आत शिरलं, पण पोचलं का?

२०२१च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी एक शब्द पाठ केला : लायपोसोमल. कोरोनातून जेमतेम उठलेल्या माणसाच्या डोळ्याखाली सूज यायची, टाळू काळा पडायचा, दात हलायला लागायचे आणि डॉक्टर म्हणायचे, म्युकर आहे, काळी बुरशी. मग नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरायचे. चिठ्ठीवर असायचं, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, ५० मिलिग्रॅमच्या कुप्या. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरलं, तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या लागतात आणि उपचार काही दोन दिवसांत संपत नाही. कुप्या मिळत नव्हत्या. त्याच औषधाचं साधं इंजेक्शन मिळालं तर चालेल का, असं घरचे काकुळतीनं विचारायचे. त्याच महिन्यात वर्ध्यात ॲम्फोटेरिसिनचं इमल्शन तयार व्हायला लागलं, तेव्हा ते चालेल का, हाही प्रश्न आला. औषध तर एकच. मग त्याच्या आधी लागलेल्या विशेषणाचं एवढं मोल कशासाठी?

याचं उत्तर पेशीपटलात आहे. ॲम्फोटेरिसिन १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूकडून मिळालं. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल. दोन्ही एकाच कुळातले रेणू, चेहरेपट्टी मिळतीजुळती. ॲम्फोटेरिसिनला अर्गोस्टेरॉलची ओढ जास्त, पण कोलेस्टेरॉल त्याला अगदीच वर्ज्य नाही. त्यामुळे बुरशी मारता मारता ते मूत्रपिंडाच्या पेशींनाही जखमी करतं. जुन्या पद्धतीत ते पित्तक्षारासोबत विरघळवून देत, रक्तात गेल्यावर ती जोडी फुटे आणि मोकळा रेणू भेटेल त्या पटलावर बसे. लायपोसोमच्या कुपीत हाच रेणू मेदाच्या पोकळ गोळीच्या भिंतीत, कोलेस्टेरॉलच्या शेजारी, बसवलेला असतो. गोळीचा व्यास शंभर नॅनोमीटरहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. तिथं त्याचं बस्तान चांगलं बसतं आणि बुरशीचं अर्गोस्टेरॉल भेटेपर्यंत तो सहसा जागा सोडत नाही. २०१८ साली नील गाऊ यांच्या गटानं दाखवलं की ही गोळी बुरशीची कडक भित्तिका पार करून अखंड आत जाते. त्या भित्तिकेतली छिद्रं गोळीहून पुष्कळ लहान मानली जात, म्हणजे भित्तिका ताणली जात असणार.

ही विद्या आपल्याला परकी नव्हती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. निलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले बिमलकुमार बच्छावत यांनी भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवलं होतं. ते रुग्णाला देण्याआधी ध्वनिलहरींनी घुसळावं लागे, म्हणजे गोळ्या हव्या तेवढ्या बारीक होत. २०२१च्या त्या शोधाशोधीत हे काम फार थोड्यांना आठवलं, याची मला खंत वाटते.

औषध नॅनो आकाराच्या कणात बसवून शरीरात धाडायचं, या कल्पनेला आता साठ वर्षं होत आली. कण मेदाचे असतात, प्लास्टिकसारख्या बहुवारिकांचे असतात, सोन्याचे, सिलिकाचे असतात. कण कसा घडवावा यावर अफाट लिहिलं गेलं आहे. तो कण पेशीपटलाशी भिडतो त्या क्षणी आणि पुढच्या तासाभरात काय होतं, याचं ज्ञान त्या मानानं तोकडं आहे आणि ते बहुतेक जगभरच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी एकेका प्रबंधातून, चिकाटीनं गोळा केलेलं आहे. या आढाव्यात मला त्या ज्ञानाकडे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : आपण कणावर कारागिरी केली आणि पटलाला दार समजलो. ते दार जिवंत आहे, आणि त्याच्या आत आणखी एक दार आहे.

पटल म्हणजे काय हे कळायलाच ऐंशी वर्षं गेली. त्या गोष्टीची सुरुवात जर्मनीतल्या ब्राऊनश्वाइगच्या एका स्वयंपाकघरात होते. आग्नेस पॉकेल्स या तरुणीला विद्यापीठाचं दार बंद होतं. तिनं घरातल्या पत्र्याच्या भांड्यात पाणी घेऊन, त्यावरचा तेलाचा तवंग पट्टीनं सरकवत त्याचा ताण मोजला. तिचं पत्र लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये 'नेचर'ला धाडलं आणि ते छापलं गेलं. तिच्या भांड्याच्याच धाटणीची उथळ परात लॅंगम्यूर यांनी पुढं सुधारली, आणि ती आजही प्रयोगशाळेत असते. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला खॉर्टर आणि ग्रेन्डल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून अशाच परातीत पसरला. तवंगाचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटल दोन थरांचं. गंमत अशी की त्यांनी दोन चुका केल्या होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळ कमी धरलं गेलं होतं. चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आलं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी आज शाळेत शिकवतात ते चित्र दिलं : मेदाचा वाहता दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. जाडी चार-पाच नॅनोमीटर. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात, आणि 'निवडक्षम' हा शब्द मला फार नेमका वाटतो.

मधल्या काळात, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथं ॲलेक बॅंगम यांना दिसलं की मेद पाण्यात टाकला की तो आपोआप पोकळ गोळ्या बांधतो. गेराल्ड वाइसमन यांनी त्यांना लायपोसोम हे नाव दिलं. त्या गोळीची भिंत आणि पेशीचं पटल एकाच मातीचे आहेत. मग ती पेशीत सहज मिसळून जाईल, ही आशा तेव्हा अगदी स्वाभाविक होती. ती आशा फोल ठरली. दोन पटलं जवळ आली तरी त्यांच्यामधलं पाणी हटायला तयार नसतं आणि मेद एकत्र करायला बरीच ऊर्जा लागते. पेशीला स्वतःचे पुडके पटलाशी जोडायचे असतात तेव्हा तीसुद्धा त्यासाठी खास प्रथिनं राबवते.

मग कण आत जातो कसा? पेशी त्याला गिळते. त्याच्या भोवती पटल गुंडाळतं, खळगा होतो, खळग्याचं तोंड आवळतं आणि पिशवी आत सुटते. या क्रियेला १९६३ मध्ये ख्रिस्त्यां द डूव यांनी एन्डोसायटोसिस म्हटलं. यातलं भौतिकशास्त्र मला फार देखणं वाटतं. गोल कणाभोवती पटल पूर्ण वाकवायला जी ऊर्जा लागते, ती कणाच्या आकारावर अवलंबून नसते. लहान गोल असो वा मोठा, खर्च तोच : रेणूंना उष्णतेमुळे जी हालचाल असते, तिच्या ऊर्जेच्या सुमारे पाचशे पट. पण हा खर्च भागवणारी मिळकत, म्हणजे कण आणि पटल चिकटल्यानं सुटणारी ऊर्जा, क्षेत्रफळाबरोबर वाढते. म्हणून फार लहान कणाला एकट्यानं गुंडाळून घेणं परवडत नाही. फार मोठा कण असेल तर त्याला पुरतील एवढे ग्राही रेणू पटलावरून वाहत त्याच्यापाशी यायला वेळ लागतो. मधे कुठंतरी सोईचा आकार असायला हवा. २००५ मध्ये गाओ, शी आणि फ्रॉइंड यांनी गणितानं तो २५ ते ३० नॅनोमीटर त्रिज्येच्या आसपास काढला, आणि २००६ मध्ये टोरांटोत वॉरन चॅन यांच्या प्रयोगशाळेत हीला पेशींनी १४ आणि ७४ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांपेक्षा ५० नॅनोमीटरचे कण जास्त गिळले. गणित आणि पेशी यांचं असं एकमत या विषयात क्वचित होतं.

विद्युतभाराची गोष्ट अधिक कठोर आहे. पेशीच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार असतो, तेव्हा धन भाराचा कण पटकन चिकटतो. म्हणून सुरुवातीचे कितीतरी प्रबंध धन भाराच्या कणांवर झाले आणि 'पेशीत उत्तम प्रवेश' असे निष्कर्ष निघाले. २००४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटानं अतिसूक्ष्म सुईनं पृष्ठभाग चाचपणारं उपकरण लावून मेदाच्या थराकडे पाहिलं. धन भाराच्या, फांद्याफांद्यांच्या डेंड्रिमर रेणूंनी त्यात १५ ते ४० नॅनोमीटरची भोकं पाडली होती. लहान डेंड्रिमर नवी भोकं पाडत नव्हते, पण असलेल्या चिरा रुंदावत होते. भार झाकून टाकला की भोकं थांबत. म्हणजे 'उत्तम प्रवेश' म्हणून जे मोजलं जात होतं, त्यातला काही भाग पटल फाडून आत जाणं होता. औषध आत गेलं, पण पेशीची किंमत देऊन.

आता इथं एक मोठी अडचण येते, जिच्याकडे या क्षेत्रानं फार उशिरा लक्ष दिलं. पटलाला भेटतो तो आपण बनवलेला कण नसतोच. रक्तात गेल्याबरोबर कणावर प्रथिनांचा लेप बसतो. डब्लिनचे केनेथ डॉसन आणि स्वीडनमधल्या लुंडच्या सारा लिन्से यांच्या गटांनी २००७च्या सुमारास या लेपाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 'प्रोटीन करोना', म्हणजे प्रथिनांचं कडं, ही संज्ञा रूढ झाली. हे कडं काय करतं? २०१२ मध्ये याच डब्लिनच्या गटानं सिलिकाचे कण फुप्फुसाच्या पेशींवर सोडले, एकदा रक्तद्रवासह आणि एकदा त्याच्याविना. उघडे कण पटलाला जास्त घट्ट चिकटले, जास्त आत गेले आणि पेशींना इजाही जास्त झाली. पुढच्या वर्षी त्यांनी कणांवर ट्रान्सफेरिन हे प्रथिन लावलं, ज्याला ओळखणारे ग्राही कर्करोगाच्या पेशींवर भरपूर असतात. नुसत्या द्रवात कणांनी पत्ता बरोबर शोधला. रक्तद्रवात टाकल्यावर नव्या प्रथिनांच्या लेपाखाली तो पत्ता झाकला गेला आणि कण भरकटले. लक्ष्यवेधी नॅनोऔषध या कल्पनेवर तोवर किती निधी खर्ची पडला होता, हे लक्षात घेतलं की या निकालाचं वजन कळतं.

लेप नको म्हणून कणावर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे, म्हणजे पेगचे, पाणीदार केस लावायची युक्ती निघाली. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे पहिलं नॅनोऔषध असंच आहे. जेरुसलेमचे येहेझ्केल बारेन्होल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं लाल औषध अशा लायपोसोममध्ये कोंडलं आणि हृदयाला होणारा त्रास कमी झाला. पण जो कण कशालाच चिकटत नाही, तो हव्या त्या पेशीलाही चिकटत नाही, आणि पेगविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात हेही पुढं दिसलं.

उलट, कड्याचा उपयोग करून घेतल्याचं सर्वांत सुंदर उदाहरण २०१८ साली मान्यता मिळालेल्या पॅटिसिरॅनचं आहे. हे आरएनएचे छोटे तुकडे मेदाच्या कणांतून यकृतात पोचवणारं पहिलं औषध. रक्तात गेल्यावर कणाचे पेगचे केस गळतात, उघड्या जागेवर अपोलिपोप्रोटीन-ई बसतं आणि यकृताची पेशी त्याला कोलेस्टेरॉल वाहणारा आपलाच कण समजून घरात घेते. कोलेस्टेरॉलच्या त्या कणाला ओळखणाऱ्या ग्राहीचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं होतं. त्यांच्या कामाचा असा उपयोग होईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही नसेल.

तर कण आत शिरला. पण पोचला का? माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. एन्डोसायटोसिसनं आत आलेला कण पिशवीत असतो आणि पिशवीची आतली बाजू ही तत्त्वतः अजून बाहेरच. माणूस घरात आला, पण ओसरीवरच्या पेटीत बंद. आरएनएला पेशीद्रव्यात जायचं आहे, आणि त्याच्या नि पेशीद्रव्याच्या मधे पुन्हा एक पटल आहे. ही पिशवी, एन्डोसोम, हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटी लयकारिकेत रिकामी होते. लयकारिका शाळेत 'आत्मघाती पिशव्या' म्हणून शिकलेल्या आठवत असतील. तिथं गेलेलं औषध बहुधा संपलं.

किती निसटतं? २०१३ मध्ये ड्रेस्डेनला मारिनो झेरिआल यांच्या प्रयोगशाळेनं सोन्याचे बारीक कण जोडलेले आरएनए इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. एन्डोसोममधून निसटलेले १ ते २ टक्के होते. त्याच वर्षी आणखी एक निबंध आला : आत गेलेल्या आरएनएपैकी सुमारे ७० टक्के पेशीनं परत बाहेर टाकलं होतं. दोन वर्षांनी जूडी लीबरमन यांच्या प्रयोगशाळेत एकेका पिशवीतून आरएनए सुटतानाचे क्षण जिवंत पेशीत टिपले गेले, आणि ते एन्डोसोम परिपक्व होत असतानाच्या एका छोट्या मुदतीतच घडत होते. त्या मुदतीआधीही नाही, नंतरही नाही.

या मुदतीत पटल फोडायची किल्ली मेदातच सापडली, आणि ती शोधण्यात व्हँकूव्हरच्या पीटर क्युलिस यांचा वाटा मोठा आहे. रक्तात विद्युतभाररहित आणि आम्लात धन भाराचा होणारा मेद घ्यायचा. रक्तात तो कोणाच्या वाटेला जात नाही. एन्डोसोम आम्ल झाला की त्याला भार येतो, तो पिशवीच्या पटलातल्या ऋण भाराच्या मेदांशी जोड्या जमवतो, आणि त्या जोड्यांचा आकार असा बेढब असतो की सपाट दुहेरी थर टिकत नाही. पटल तिथं मोडतं. कोरोनावरच्या एमआरएनए लशी याच तत्त्वावर चालतात. चार प्रकारचे मेद, त्यातला एक हा. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची, जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेली आणि २ ते ८ अंशांवर टिकणारी एमआरएनए लसही मेदाच्या नॅनोकणांवरच स्वार होती. लस काम करते, कारण निसटलेल्या थोड्या एमआरएनएपासून भरपूर प्रथिन बनतं आणि प्रतिकारशक्ती ते आणखी वाढवून घेते. कर्करोगावर किंवा जनुकीय आजारावर इतकी सवलत मिळत नाही, तिथं प्रत्येक टक्का मोलाचा असतो.

पेशीच्या या आतल्या वाटा समजून घेण्यात भारताचं काम अव्वल आहे, आणि ते मराठी वाचकांना माहीत असावं असं वाटतं. पवईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, २००२ मध्ये, क्लॅथ्रिन या प्रसिद्ध प्रथिनाविना चालणारी, पटलासकट बाहेरच्या द्रवाचा घोट घेणारी एक वेगळी वाट दाखवली. त्याच केंद्रात यमुना कृष्णन यांनी २००९ मध्ये डीएनएचं एक चिमुकलं यंत्र बनवलं. एन्डोसोममधली आम्लता बदलली की ते आकार बदलतं आणि चमक बदलून आम्लता कळवतं. नॅनोकण पिशवीत असताना पिशवीत काय चाललंय, हे विचारायची सोय त्यानं झाली. आपल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून कण बनवणारे आणि बंगळूरसारख्या ठिकाणी पटल अभ्यासणारे अजून एका टेबलाशी पुरेसे बसत नाहीत. हे अंतर भरून काढणं परदेशातलं एखादं महागडं यंत्र आणण्यापेक्षा सोपं आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. या विषयावरच्या प्रबंधाचा ठरावीक आराखडा असा असतो : पहिली दोन वर्षं कण बनवायचे, मग त्यांचा आकार आणि भार मोजायचा, मग त्यांना फ्लुरोसंट रंग लावून पेशींवर सोडायचं, चमक मोजायची आणि फेलोशिप संपता संपता लिहायला बसायचं. पटलाच्या वाट्याला शेवटचे काही महिने येतात. आणि याच काही महिन्यांत फसगत होते.

२०११चा एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा. शिया योनान यांच्या गटानं पेशी नेहमीसारख्या बशीच्या तळाशी ठेवल्या, आणि दुसऱ्या संचात त्याच पेशी उलट्या टांगल्या. उलट्या पेशींनी सोन्याचे मोठे, जड कण खूप कमी घेतले. म्हणजे 'पेशीला मोठे कण आवडतात' असं जे दिसत होतं, त्यातला बराच भाग गुरुत्वाकर्षण होतं : कण तळाशी बसत होते आणि तळाशी पेशी होत्या. २०१२ मध्ये डब्लिनहून दुसरा धडा आला. पेशी दुभंगली की तिच्यातले कण दोन लेकींमध्ये वाटले जातात. त्यामुळे दर पेशीमागे कण कमी झालेले दिसले, तर पेशीनं ते बाहेर टाकले असं मानणं चूक ठरू शकतं. शिवाय विभाजनाच्या तयारीतल्या पेशीत कण जास्त असतात, कारण तिला ते जमवायला जास्त काळ मिळालेला असतो.

तिसरी फसगत रंगाची. रंग कणातून सुटतो आणि मेदात विरघळणारा असेल तर थेट पटलात उतरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी झळाळून उठते, विद्यार्थी आनंदतो, आणि कण मात्र बाहेरच असतो. चौथी फसगत रोधकांची. कण कोणत्या वाटेनं गेला हे ठरवायला एकेक वाट बंद करणारी रसायनं वापरतात. क्लोरप्रोमाझिननं चमक कमी झाली, म्हणजे क्लॅथ्रिनची वाट, असं लिहिलं जातं. पण ही रसायनं एक दार लावताना शेजारची चार ढकलतात. पेशींचा प्रकार बदलला की निकालही बदलतो. २०१८ मध्ये अशा प्रयोगांत किमान कोणती माहिती छापलीच पाहिजे, याची एक यादी 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आली. ती यादी वाचताना तोवर काय काय छापलं जात नव्हतं, हेच आधी जाणवतं.

याला उतारा म्हणून अनेक प्रबंध पेशी बाजूला ठेवून कृत्रिम पटलांकडे वळतात. आग्नेस पॉकेल्सच्या परातीत मेदाचा एकच थर पसरून कण खाली सोडतात. पेशीएवढे मोठे लायपोसोम करून ते फुटताना पाहतात. गारगोटीच्या पातळ चकतीवर मेदाचा थर बसवून तिच्या कंपनावरून कणाचं वजन ताडतात. ग्रनोबलला किंवा ऑक्सफर्डशायरला न्यूट्रॉनच्या झोतासाठी महिनोन् महिने आधी अर्ज करून काही दिवसांची मुदत मिळवतात आणि रात्रंदिवस मोजतात. साधं पाणी आणि जड पाणी आलटून पालटून वापरलं की कधी मेद दिसतो, कधी कण, आणि कण थरात किती खोल बुडाला हे नॅनोमीटरच्या अंशात कळतं. संगणकावर ग्रोनिंगेनच्या मार्टिनी पद्धतीनं चारेक अणूंचा एक मणी मानून कण आणि पटल यांची भेट रंगवतात.

यातून मिळालेलं ज्ञान पक्कं असतं, आणि अपुरंही. परातीत तीन-चार प्रकारचे मेद असतात, पेशीत शेकडो. खऱ्या पटलाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी असते, वर शर्करांचं दाट गवत असतं, खाली सांगाड्याचे धागे बांधलेले असतात आणि सगळं सतत बदलत असतं. म्हणून मला असा प्रबंध सर्वांत मोलाचा वाटतो ज्यात एकच कण घेऊन परात, कृत्रिम पटल आणि खरी पेशी या तिन्ही पायऱ्या चढल्या आहेत, आणि कुठल्या पायरीवर आधीचं उत्तर मोडलं हे लपवलेलं नाही. अशा प्रबंधाला नव्या कणाचं नाव मिळत नाही, त्यातून पेटंट निघत नाही. मार्गदर्शकानं आणि विद्यापीठानं पाठीशी उभं राहिलं तरच विद्यार्थी तो लिहू शकतो.

बशीतलं हे सगळं शरीरात गेल्यावर काय होतं, यावर २०१६ मध्ये वॉरन चॅन यांच्या गटानं दहा वर्षांचे निबंध गोळा करून एक आकडा काढला. उंदरांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचलेल्यांचं मध्यगत प्रमाण ०.७ टक्के होतं. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहेच्या पेशींनी गिळले. १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतोत मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं होतं की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असल्यानं कण आपोआप तिथं साठतील. या कल्पनेवर तीस वर्षं कामं झाली. २०२० मध्ये चॅन यांच्याच गटानं दाखवलं की गाठीत शिरणारे बहुतेक कण फटींतून झिरपत नाहीत, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी त्यांना उचलून पलीकडे नेतात. म्हणजे इथंही पुन्हा पेशीपटलच.

म्युकरच्या औषधाकडे परत येतो. पन्नासहून अधिक वर्षं पुस्तकांत असं शिकवलं गेलं की ॲम्फोटेरिसिनचे रेणू पटलात रिंगण धरून छिद्र पाडतात आणि त्यातून बुरशीचे क्षार वाहून जातात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्टिन बर्क यांच्या प्रयोगशाळेनं पाहिलं, तर ते रेणू बहुतांशी पटलाच्या बाहेर गोळा होऊन बसले होते आणि स्पंजानं पाणी टिपावं तसं पटलातलं अर्गोस्टेरॉल ओढून घेत होते. छिद्रं पडतात, पण मारायला ती लागत नाहीत. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल ओढलं जातं, त्यातूनच मूत्रपिंडांना इजा होते. मग अर्गोस्टेरॉल जलद ओढेल आणि कोलेस्टेरॉलला हात लावणार नाही असा रेणू घडवता येईल का? २०२३ मध्ये अरुण माजी आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रयोगशाळेतून 'नेचर'मध्ये असा रेणू मांडला. बुरशीच्या शेकडो वाणांवर तो प्रभावी ठरला, आणि उंदरांच्या मूत्रपिंडांना व बशीतल्या मानवी मूत्रपिंडपेशींना त्यानं धक्का लावला नाही, तेही लायपोसोमची कुडी न घालता.